राणीची पेटी आणि झांकणावरचें कुलचिन्ह

पॅरिस येथील लूव्रच्या प्रख्यात संग्रहालयांत महागनी लाकडाची एक पेटी ठेविलेली आहे. ती १७८७-८८ च्या सुमारास तयार झाली. झांकण मिटलेलें असतां तिच्याकडे पाहून तिच्या मालकिणीची कल्पना सहसां कोणास यावयाची नाहीं. परंतु झांकण उघडलें म्हणजे आंत एक अख्खा संसार मांडलेला दिसतो. चहाचीं व चॉकोलेटचीं चांदीचीं भांडीं, चिनी मातीचे पेले, अत्तराच्या काचेच्या कुप्या, हस्तिदंती वस्तू, आरसा, मेणबत्तीची बैठक, शिवणकामाचें साहित्य. आणि या प्रत्येक जिनसासाठीं त्याच्याच आकाराची खांच कोरलेली. पेला कुपीच्या जागीं बसणार नाहीं व कुपी पेल्याच्या जागीं बसणार नाहीं. आवराआवर करतांना एखादी वस्तु राहून गेली तर तिची रिकामी जागाच तें सांगून देते. ही पेटी फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिची.

अशा पेटीस फ्रेंच भाषेंत 'नेसेसेर' म्हणतात. या शब्दाचा अर्थ 'आवश्यक तें' असा आहे. आवश्यक कशास म्हणावें हा ज्याच्या त्याच्या राहणीचा प्रश्न होय. आमच्याकडील जुना यात्रेकरू एक तांब्या, पळीपंचपात्र आणि धोतरजोडी घेऊन काशीस जाऊन येत असे, व आपलें कांहीं आवश्यक घरीं राहिलें असें त्यास वाटत नसे. फ्रान्सच्या दरबारी मंडळींस मात्र प्रवासांतहि सकाळचें चॉकोलेट नेहमींच्याच भांड्यांतून घेतल्यावांचून चालत नसे. म्हणून सुतार, सोनार, कातडें मढविणारे, कांचकाम करणारे व हस्तिदंताचे कारागीर अशा चारपांच धंद्यांतील निवडक माणसांचें कसब एकत्र करून या पेट्या बनविल्या जात. राणीच्या पेटींतील चांदीचें काम शार्पना नांवाच्या सोनाराचें आहे. भांड्यांवर तिच्या नांवाचीं 'एम्' व 'ए' हीं आद्याक्षरें एकमेकांत गुंफून कोरलेलीं आहेत.

या पेटीची जी हकीकत राणीची सखी मादाम कांपां हिनें आपल्या आठवणींत लिहून ठेविली आहे, ती वाचण्यासारखी आहे. १७८९ च्या ऑक्टोबरांत पॅरिसच्या जनसमूहानें राजा सोळावा लुई, राणी व मुलें यांस व्हर्सायहून पॅरिस येथील तुइलरीच्या वाड्यांत आणून बसविलें. नांवाला तो राजवाडा, पण प्रत्येक दारावर पहारा आणि प्रत्येक चाकराच्या डोळ्यांत संशय. १७९१ च्या वसंतऋतूंत पळून जाण्याचा बेत ठरला. राणीनें मनांत घेतलें कीं आपली ही पेटी अगोदर ब्रसेल्सला पाठवावी. तेथें तिची बहीण मारी ख्रिस्तीन ही ऑस्ट्रियाच्या वतीनें कारभार पाहत होती. कांपांबाईंनीं विरोध केला. इतक्या डोळ्यांसमोरून ही पेटी वाड्याबाहेर गेली म्हणजे मालकीणहि मागोमाग जाणार हें ओळखण्यास फारशी बुद्धि लागणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें. पण राणी ऐकेना. शेवटीं एक युक्ति काढण्यांत आली. ऑस्ट्रियाच्या वकिलानें दासींच्या देखत राणीपाशीं येऊन सांगावें कीं, आपल्या भगिनींस आपल्यासारखीच पेटी हवी आहे; आणि राणीनें नवी पेटी करावयास सांगावी. त्याप्रमाणें झालें. परंतु कारागिरांकडून पेटी वेळेवर तयार होईना. तेव्हां राणीनें, आतां नवी मी ठेवून घेतें व माझीच बहिणीला पाठवितें, असें सर्वांस ऐकूं जाईल अशा रीतीनें सांगितलें व पेटी रवाना केली.

जिच्या हातून कपड्यांची व्यवस्था होत असे अशा एका दासीनें २१ मे रोजीं लेखी जबानी दिली कीं, राणी जाण्याच्या तयारींत आहे. बहिणीला भेट म्हणून पेटी पाठविली ती केवळ बतावणी आहे, कारण ही पेटी राणीला इतकी प्रिय आहे कीं ती कोणास देणें शक्यच नाहीं. एका महिन्यानें, २० जूनच्या रात्रीं, राजकुटुंब निघालें आणि दुसऱ्या दिवशीं रात्रीं व्हारेन या गांवीं अडकलें. त्या फसलेल्या पलायनाचीं कारणें पुष्कळ आहेत. अवजड गाडी, वाटेंतील विलंब, वेळेवर न भेटलेले स्वार. पेटीवर सगळा दोष टाकणें हा अन्याय होईल. परंतु परत आणल्यावर पॅरिसच्या मेयरनें ती जबानी राणीच्याच हातीं दिली, असें कांपांबाई लिहितात. आणि ज्या पेटीचें कवतिक दासींच्या देखत इतकीं वर्षें केलें तीच आपल्याविरुद्ध साक्षीस उभी राहिली हें राणीनें त्या कागदावर वाचलें असेल. १६ ऑक्टोबर १७९३ रोजीं तिचा शिरच्छेद झाला. तिची म्हणून ओळखली जाणारी दुसरी एक पेटी दक्षिण फ्रान्समध्यें ग्रास येथील सुगंधद्रव्यांच्या संग्रहालयांत आहे.

आपल्या वस्तूवर आपली खूण घालण्याची हौस कोठें नाहीं? आमच्या घरांतील तांब्यापितळेचीं जुनीं भांडीं उपडीं करून पाहिलीं तर कांठावर ठिपक्यांनीं काढलेलीं अक्षरें दिसतात. कोणाचें नांव, कोणतें गांव, कोणत्या निमित्तानें भांडें दिलें, कधीं कधीं सालहि. एकत्र कुटुंबाच्या वांटणीच्या वेळीं चारचौघांनीं सांगितलेल्या गोष्टींपेक्षां हीं अक्षरें अधिक उपयोगी पडतात, हें अनुभवी वाचकांस सांगावयास नको. आमची खूण अक्षरांची. फ्रान्समधील घराण्यांची खूण चित्राची आणि ती चित्रें वाचण्याचें एक स्वतंत्र शास्त्र आहे. पेटीच्या झांकणावर, चांदीच्या ताटलीवर किंवा ग्रंथाच्या पुठ्ठ्यावर असें एखादें चिन्ह असलें तर जाणता मनुष्य मालकाचें घराणें सांगतो, पुष्कळदां त्याची बायको कोणत्या घरची हेंहि सांगतो.

या शास्त्राचा उगम रणांगणावर झाला. बाराव्या शतकांत युरोपांतील योद्धे चिलखत व शिरस्त्राण घालून लढूं लागले तेव्हां आपला कोण व परका कोण हें ओळखण्याची पंचाईत पडली. म्हणून ढालीवर ठसठशीत रंगांत चिन्हें रंगविण्याची चाल पडली. महाभारताच्या द्रोणपर्वांत वीरांच्या ध्वजांचें जें वर्णन आहे तें ज्यांनीं वाचलें असेल त्यांस ही कल्पना अपरिचित वाटणार नाहीं. अर्जुनाच्या ध्वजावर वानर, जयद्रथाच्या ध्वजावर रुपेरी वराह, दुर्योधनाच्या ध्वजावर नाग. दुरून ध्वज दिसला कीं रथ कोणाचा हें कळे. मात्र एक भेद आहे. अर्जुनाचा वानर हें अर्जुनाचें चिन्ह. अभिमन्यूला तें वारसाहक्कानें मिळालें नाहीं. फ्रान्समध्यें ढालीवरचें चिन्ह बापाकडून मुलाकडे जाऊं लागलें, आणि मग लढाईचा संबंध सुटून तें घरादारावर, गाडीवर, चाकरांच्या पोषाखावर व पेट्यांवर चढलें.

नियम थोडे पण कडक आहेत. सोनेरी व रुपेरी या दोहोंस 'धातु' म्हणतात; निळा, तांबडा, काळा, हिरवा व जांभळा हे 'रंग'. धातूवर धातु किंवा रंगावर रंग ठेवावयाचा नाहीं. सोनेरी जमिनीवर निळा मासा चालेल, निळ्या जमिनीवर सोनेरी कमळ चालेल. पण तांबड्यावर निळें कांहीं काढलें तर जाणकार नाक मुरडतो. याचें कारण सौंदर्यशास्त्रांत शोधण्याची जरूर नाहीं. धुळींतून शंभर पावलांवरून दिसलें पाहिजे, एवढेंच.

पण चांदीच्या ताटलीवर किंवा पितळेच्या पट्टीवर रंग कोठून आणावयाचे? हा प्रश्न सतराव्या शतकांत फार सुबक रीतीनें सुटला. पेत्रा सांक्ता नांवाच्या इटालियन जेझुइट पाद्र्यानें १६३८ च्या आपल्या ग्रंथांत रेघांची जी योजना दिली तीच पुढें सर्वत्र रूढ झाली. आडव्या रेघा म्हणजे निळा रंग, उभ्या रेघा म्हणजे तांबडा, उभ्याआडव्या रेघांची जाळी म्हणजे काळा. तिरप्या रेघा पाहणाऱ्याच्या डाव्या बाजूकडून खालीं उतरत असतील तर हिरवा, उजव्या बाजूकडून उतरत असतील तर जांभळा. ठिपके म्हणजे सोनें आणि कोरी जागा म्हणजे चांदी. एवढें ध्यानांत ठेविलें कीं अंगठ्याएवढ्या जागेंत कोरलेल्या ढालीचेहि सर्व रंग वाचतां येतात. आमच्या मतें या सगळ्या शास्त्रांत यासारखी हुशारीची गोष्ट दुसरी नाहीं. आमच्या घरच्या विद्यार्थ्यांनीं वहीवर ही योजना करून पाहावी. रंगाच्या पेटीचा खर्च वांचेल.

विवाहित स्त्रीची पेटी असेल तर झांकणावर दोन ढाली शेजारीं शेजारीं असतात. पाहणाऱ्याच्या डाव्या हातास नवऱ्याच्या घराण्याची, उजव्या हातास माहेरची. सासरीं गेल्यावर आमच्याकडे मुलीचें पहिलें नांव देखील बदलण्याची चाल होती. तेथें मात्र बापाच्या घरची ढाल जन्मभर तिच्या वस्तूंवर राही. यामुळें संशोधकांची मोठी सोय झाली आहे. एकाच घराण्यांत पिढ्यान् पिढ्या एकच चिन्ह. त्यावरून पेटी नक्की कोणाची हें कळावें कसें? पण दोन ढालींची जोडी मिळाली म्हणजे विवाह ठरतो, आणि विवाह ठरला कीं सालहि ठरतें.

याचें उत्तम उदाहरण पंधराव्या लुईची राणी मारी लेश्चिन्स्का ही होय. तिचा बाप स्तानिस्लास हा पोलंडचा पदच्युत राजा. गादी गेलेली, परक्याच्या आश्रयानें राहणें. अशा घरची मुलगी १७२५ सालीं फ्रान्सच्या राजाला दिली गेली, तेव्हां ती बावीस वर्षांची व नवरा पंधरा वर्षांचा होता. दरबारीं कुजबूज झाली. परंतु तिच्या ढालींच्या जोडींत डावीकडे फ्रान्सचीं तीन सोनेरी कमळें, तर उजवीकडे पोलंडचा गरुड व लिथुआनियाचा घोडेस्वार, आणि त्यांच्या मध्यभागीं नाकांत वेसण घातलेलें काळ्या बैलाचें मस्तक. हें मस्तक लेश्चिन्स्की घराण्याचें स्वतःचें चिन्ह. बापाची गादी गेली तरी तो बैल लेकीबरोबर व्हर्सायपर्यंत आला.

या राणीचीहि एक पेटी लूव्रमध्यें आहे. चहा, कॉफी व चॉकोलेट यांचीं भांडीं तींत आहेत. चांदीवर सोन्याचा मुलामा. काम आंरी-निकोला कूझिने याचें, साल १७२९-३०. भांड्यांवर जागोजाग डॉल्फिन नांवाचा मासा दिसतो. जेवणाच्या मेजाशीं या माशाचा संबंध काय, असें कोणी विचारील. फ्रान्सच्या युवराजाची पदवीच 'दोफँ', म्हणजे डॉल्फिन. दोफिने नांवाचा आग्नेयेकडील प्रांत १३४९ सालीं राजघराण्याकडे आला, त्या प्रांताच्या धन्याच्या ढालीवर सोनेरी जमिनीवर निळा डॉल्फिन होता, आणि पुढें थोरल्या राजपुत्राची ती पदवी व तें चिन्ह ठरून गेलें. आतां साल पुन्हां पाहावें. १७२७ सालीं राणीला जुळ्या मुली झाल्या, १७२८ सालीं तिसरी मुलगी झाली. सगळें राज्य मुलाची वाट पाहत होतें. ४ सप्टेंबर १७२९ रोजीं मुलगा झाला. पदच्युत राजाच्या मुलीचें आसन त्या दिवशीं स्थिर झालें. त्या पेटींतल्या माशांचा आनंद कोणता, हें मोठ्या कुटुंबांत वाढलेल्या आमच्या भगिनींस आम्हीं फोड करून सांगावयास पाहिजे असें नाहीं.

हीं चिन्हें केवळ उमरावांचींच असत हा समज मात्र चुकीचा आहे. फ्रान्समध्यें व्यापारी, कारागीर, गांवें, धंदेवाल्यांच्या पंचायती यांसहि ढाल असे. १६९६ च्या नोव्हेंबरांत चौदाव्या लुईनें हुकूम काढला कीं, सर्वांनीं आपापलीं कुलचिन्हें सरकारांत पैसे भरून नोंदवावीं. हेतु शास्त्राच्या रक्षणाचा नव्हता; लढाईच्या खर्चासाठीं पैसा पाहिजे होता. दोझिए नांवाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं लाखाहून अधिक ढालींची नोंद झाली. ज्यांनीं स्वतः होऊन चिन्ह नोंदविलें नाहीं अशा कित्येकांवर कारकुनांनींच चिन्ह लादलें व फी वसूल केली. त्या कारकुनांनीं घाईंत नांवावर कोट्या करून चिन्हें बनविलीं, यांत नवल नाहीं. आज तीच दफ्तरें पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत व अनोळखी पेटीचा मालक शोधणारास त्यांवांचून गति नाहीं. करवसुलीचे कागद पुढें इतिहासाचें साधन होतात, हा अनुभव आमच्या पेशवे दफ्तराच्या अभ्यासकांसहि आहेच.

नांवावर कोटी करणारीं चिन्हें मोठमोठ्या घराण्यांतहि होतीं. चौदाव्या लुईचा खजिनदार निकोला फूके याच्या ढालीवर खार होती. कारण पश्चिम फ्रान्सच्या बोलींत 'फूके' म्हणजे खार. त्याचा प्रतिस्पर्धी कोल्बेर याच्या ढालीवर साप. लॅटिनमध्यें सापास 'कोलुबेर' म्हणतात. १७ ऑगस्ट १६६१ रोजीं फूकेनें आपल्या व्हो येथील नव्या वाड्यांत राजाला मेजवानी दिली. तें वैभव पाहून राजाच्या मनांत काय आलें तें त्यासच ठाऊक. कोल्बेरनें त्याचे कान अगोदरच भरले होते. तीन आठवडेहि लोटले नाहींत तोंच, ५ सप्टेंबरला फूकेस कैद झाली आणि १६८० सालीं तो कैदेंतच वारला. व्हो येथील वाड्यांत ती खार आजहि नकशींत कोरलेली दिसते. सापानें खारीस गिळलें, ही उपमा त्या काळच्या लोकांस आयतीच मिळाली.

ढालीच्या वर मुकुट असतो. त्यावरून पदवी कळते असें पुस्तकांत लिहिलेलें असतें. काउंटच्या मुकुटावर नऊ मोतीं दिसतात, ड्यूकच्या मुकुटावर पानें, मार्क्विसच्या मुकुटावर पानें व मोतीं आळीपाळीनें. परंतु पुस्तकावर फार विसंबूं नये. अठराव्या शतकांत ज्याला जो मुकुट आवडेल तो त्यानें घालून घ्यावा असा प्रकार चालला होता, आणि मागणी येईल तें सोनार कोरून देई. ढाल बापाची असते, ती सहसां खोटी नसते. मुकुट पुष्कळ वेळां हौसेचा असतो. पेटी पाहणारानें अगोदर ढाल पाहावी आणि मुकुटाकडे मागाहून वळावें, असें आम्हांस वाटतें.

मग क्रांति आली. १९ जून १७९० रोजीं राष्ट्रसभेनें वंशपरंपरागत उमरावपण, पदव्या, चाकरांचे गणवेष आणि कुलचिन्हें हीं सर्व एका ठरावानें रद्द केलीं. एका रात्रींत मनुष्याचें नांव लहान झालें. प्रथम प्रथम यास थट्टेचें स्वरूप होतें. १७९३ सालीं थट्टा संपली. त्या वर्षीं ऑगस्टांत हुकूम निघाला कीं ज्या घरावर किंवा बागेच्या भिंतींवर अशीं चिन्हें राहतील तीं सरकारजमा होतील. लोकांनीं दगडी ढाली छिनीनें उडविल्या. शेकोटीच्या मागें जो बिडाचा जाड पत्रा असतो त्यावर बहुधा कुलचिन्ह ओतलेलें असे. तो फोडणें सोपें नसल्यामुळें कित्येकांनीं पत्रा उलटा फिरवून चिन्ह भिंतीकडे केलें. आज शंभर ठिकाणीं जुन्या घरांची दुरुस्ती करतांना असे पाठमोरे पत्रे निघतात, असें सांगतात. पेट्यांवरचीं चिन्हें लहान, म्हणून तीं घांसून टाकणें सोपें. कोणी तीं घांसलीं, कोणी पेटीच वितळावयास दिली, कोणी परदेशीं पळतांना बरोबर नेली. व्हर्साय येथील राजवाड्याचें सामान २५ ऑगस्ट १७९३ पासून जवळ जवळ वर्षभर लिलांवांत विकलें जात होतें. १७,१८२ नग निघाले. जगांतील संग्रहालयांत आज फ्रान्सच्या राजांच्या ज्या वस्तू दिसतात त्यांतील पुष्कळ या लिलांवांतून बाहेर पडलेल्या आहेत.

येथें एक गोष्ट क्रांतिकारकांच्या बाजूनेंहि सांगितली पाहिजे. नासधूस हाताबाहेर जात आहे असें पाहून २४ ऑक्टोबर १७९३ रोजीं त्याच सभेनें दुसरा हुकूम काढला कीं, सरंजामी चिन्हें काढण्याच्या निमित्तानें ग्रंथ, चित्रें व कलेच्या वस्तू बिघडवूं नयेत. राणीचा शिरच्छेद होऊन तेव्हां आठच दिवस झाले होते. माणसांवर न दाखविलेली दया त्यांनीं पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर दाखविली, असें म्हणावयाचा मोह होतो. पण ती दाखविली म्हणूनच आज आम्हांस इतकें वाचावयास मिळतें हेंहि खरें.

क्रांतीनें धंद्यांच्या जुन्या पंचायतीहि मोडल्या आणि त्याचा लाभ एका माणसास फार झाला. मार्तें-गियोम बिएने हा हस्तिदंताच्या व लाकडाच्या बारीक कामाचा कारागीर. जुन्या नियमांप्रमाणें त्याला सोनारकाम करतां आलें नसतें. पंचायती मोडतांच त्यानें पेटीचें लाकूड व आंतील चांदी दोन्हीं आपल्याच छपराखालीं करावयास घेतलीं. पॅरिसमध्यें सेंत-ओनोरे रस्त्यावर 'जांभळें माकड' या पाटीखालीं त्याचें दुकान होतें. मिसरहून परत आलेल्या तरुण बोनापार्ट सेनापतीला त्यानें उधारीवर माल दिला, असें सांगतात. पुढें तो बादशहाचा सोनार झाला. त्याच्या पेट्यांची बांधणी पाहिली म्हणजे एखाद्या कठिण समस्येचें उत्तर सांपडल्यासारखें वाटतें; इतक्या थोड्या जागेंत इतक्या वस्तू कशा बसल्या याचें आश्चर्य ओसरत नाहीं.

नेपोलियनला कुलचिन्हांची सत्ता चांगली कळत होती. जुन्या राजांचीं कमळें त्यास नको होतीं, पण कमळांहून जुनें कांहीं पाहिजे होतें. १६५३ सालीं तूर्ने येथें फ्रँक लोकांचा राजा चिल्डेरिक याची कबर सांपडली होती. पांचव्या शतकांतील त्या राजाबरोबर सोन्याच्या सुमारें तीनशें मधमाशा पुरलेल्या होत्या. नेपोलियननें ती मधमाशी उचलली व आपल्या झग्यावर, पडद्यांवर, भांड्यांवर पसरली. मूळच्या मधमाशा पुढें १८३१ सालीं ग्रंथालयांतून चोरीस गेल्या. आज दोनच शिल्लक आहेत.

१ मार्च १८०८ च्या हुकुमानें त्यानें नवे उमराव निर्माण केले आणि त्यांच्या ढालींची शिस्त लष्करी गणवेषासारखी बांधून दिली. मुकुट बंद, त्याऐवजीं शहामृगाच्या पिसांची टोपी. ड्यूकला सात पिसें, काउंटला पांच, बॅरनला तीन. ढालीच्या एका वरच्या कोपऱ्यांत चौकोन. पाहणाऱ्याच्या डावीकडे निळा असेल तर काउंट, उजवीकडे तांबडा असेल तर बॅरन, आणि त्या चौकोनांत तलवार असेल तर धनी शिपाई. यामुळें पूर्वींच्या मुकुटांसारखी फसगत येथें होत नाहीं. बिएनेच्या काळची एखादी पेटी हातीं आली आणि ढालीच्या उजव्या कोपऱ्यांत उभ्या रेघांवर तलवार दिसली, तर ती नेपोलियनच्या एखाद्या लढवय्या बॅरनची, इतकें पहिल्या नजरेस निश्चित होतें. ज्या माणसांचे बाप कोणी पिंपें बनवीत तर कोणी खाणावळ चालवीत, त्यांनीं या ढाली मिळविल्या होत्या.

खुद्द बादशहाची गति निराळी झाली नाहीं. १८ जून १८१५ रोजीं वॉटर्लूच्या पराभवानंतर त्याची प्रवासाची गाडी प्रशियन सैनिकांच्या हातीं पडली. गाडींत त्याच्या नित्याच्या वस्तूंची पेटी सोन्याचांदीच्या सामानासह होती. १८१६ सालीं लंडनमध्यें बुलक नांवाच्या गृहस्थानें तिकीट लावून ती गाडी लोकांस दाखविली, आणि दाढीच्या भांड्यांपर्यंत सर्व पाहावयास खेड्यापाड्यांतून झुंबड उडाली. पुढें ती गाडी मादाम तुसो यांच्या मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहांत गेली व १९२५ च्या आगींत जळाली.

१८१४ च्या सनदेनें जुन्या उमरावांस जुन्या पदव्या परत मिळाल्या आणि नव्यांच्याहि राहिल्या. चिन्हें पुन्हां झांकणावर आलीं. पण काळ बदलला होता. एकोणिसाव्या शतकांत पॅरिसमध्यें ताहान, जिरू, ओकोक अशीं दुकानें निघालीं. जिरू यानेंच १८३९ सालीं दागेरचें छायाचित्रयंत्र विकावयास आणलें हें वाचकांपैकीं थोड्यांस ठाऊक असेल. या दुकानांत पेट्या तयार मांडलेल्या असत. झांकणाच्या मध्यभागीं पितळेची लहान ढालीच्या आकाराची पट्टी बसविलेली, आणि ती कोरी. ज्यानें पैसे दिले त्यानें आपलीं अक्षरें घालून घ्यावीं. वाडवडिलांकडून आलेली ढाल असो वा नसो, ढालीचा आकार मात्र सर्वांस दुकानांत मिळूं लागला. पुष्कळ पेट्यांवर ती पट्टी आजतागायत कोरीच आहे. घेणारानें काय कोरावें हें ठरविलेंच नाहीं.

याच पॅरिसमध्यें १८५४ सालीं लुई व्हितों यानें सामान बांधण्याचें व पेट्यांचें दुकान काढलें. त्याच्या पेढीनें १९२६ सालीं बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्यासाठीं चहाच्या सामानाची एक पेटी बनविली. राणी लेश्चिन्स्काच्या पेटीचीच ती दूरची नात म्हणावयाची. सयाजीरावांस युरोपीय धर्तीचें कुलचिन्ह बालपणींच मिळालें होतें. १८७७ च्या दिल्ली दरबारांत व्हाइसरॉयनें हिंदी राजांस जीं निशाणें दिलीं त्यांवरचीं चिन्हें बंगालच्या मुलकी नोकरींतील रॉबर्ट टेलर नांवाच्या इंग्रजानें रचलेलीं होतीं. शिक्कामोर्तबाची परंपरा असलेल्या आमच्या संस्थानिकांस ढाल दुसऱ्यानें काढून द्यावी, हा प्रकार आम्हांस १६९६ च्या फ्रेंच कारकुनांची आठवण करून देतो.

आतां अशा जुन्या पेट्या लिलांवांत व जुन्या वस्तूंच्या दुकानांत येतात. फ्रान्समध्यें पदवीला आज कसलाहि विशेष हक्क उरलेला नाहीं, व कुलचिन्ह हें आडनांवासारखें घराण्याचें खासगी धन समजतात. विकणारे ज्या पेटीवर चिन्ह सुरेख शाबूत आहे तिचें मोल अधिक सांगतात. आमची उत्सुकता मात्र दुसऱ्या पेट्यांविषयीं अधिक आहे. ज्यांच्या झांकणावर किंवा आंतील ताटलीवर मध्यभागीं नुसता गुळगुळीत डाग आहे अशा. तें काम १७९३ च्या भीतीनें केलेलें असेल किंवा मागाहून विकत घेणाऱ्या माणसानें परक्याचें चिन्ह नको म्हणून केलेलें असेल. डाग दोन्हींचा सारखाच. चांदी घांसली म्हणजे तेथील पत्रा पातळ होतो, आणि चिमटींत धरून अंगठा फिरविला तर खळगा लागतो. अशी ताटली दिव्याजवळ तिरकी धरून पाहावी. खोल गेलेल्या एकदोन रेघा पुष्कळदां मागें राहिलेल्या असतात. त्या आडव्या असल्या तर तेथें निळा रंग होता.